महायुद्धाचे पहिले रक्त

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पूर्वी न्हाव्याच्या दुकानात होते, आता संग्रहालयात आहे. माझे पाय ओतीव लोखंडाचे, बैठक कातड्याची. ज्याने मला घडवले त्याने मानेचा टेकू इतका मऊ केला होता, की दाढीला बसलेले गिऱ्हाईक हमखास डुलकी घेई.

माझा मालक मोठा बोलघेवडा. "दाढी वस्तऱ्याने होते, पण गिऱ्हाईक टिकतं ते जिभेने," असे तो म्हणे. त्याची बायको पाणी तापवी, टॉवेल धुई आणि गर्दी झाली की स्वतःही वस्तरा चालवी. तिचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहत असे. सीमेवरच्या चकमकीत त्याचा डावा हात गेला होता. त्याच्या सदऱ्याची बटणे तीच लावून देई.

त्या वर्षी आमच्या युवराजांवर कोणीतरी गोळी झाडली, पण नेम चुकला. युद्ध टळले म्हणून लोकांनी हुश्श केले. शेजारच्या देशाचा मंत्री तह करायला आला आणि आमच्या समोरच्या हॉटेलात उतरला. रोज सकाळी तो दाढीला येऊ लागला.

तहावर सही व्हायची त्या दिवशी त्याच्या गालांना फेस लावता लावता मालकाने विचारले, "साहेब, आज नक्की ना?"

"नक्की. माझा एक मुलगा लढाईत गेला. दुसऱ्याला पाठवायची माझी छाती नाही."

बाकावर बसलेला मेहुणा उठला. "आणि माझा हात?" असे म्हणून त्याने कोटातून पिस्तूल काढले.

"अरे, वेडा झालास का?" म्हणत मालक मध्ये पडला. पहिली गोळी त्याच्याच पोटात घुसली. दुसरीने मंत्र्याचा गळा फोडला. फेस लाल झाला. माझे हात घट्ट धरून तो माणूस टाचा आपटत राहिला, मग त्याची मान एका बाजूला कलंडली. मालकाच्या पोटावर बायकोने टॉवेल दाबून धरले. एकामागून एक टॉवेल भिजत गेले आणि तोही गेला.

रस्त्यावरच्या गर्दीने त्या भावाला खांद्यावर घेतले. शेजारच्या देशाने त्याचा ताबा मागितला, पण आमच्या सरकारने साफ नकार दिला. त्यांचे दोस्त देश शस्त्रे परजू लागले, तसे आमचेही. तेव्हा ती बाई दुकानाच्या दारात उभी राहिली आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "माझा सख्खा भाऊ आहे तो. तरी सांगते, देऊन टाका त्याला. त्याच्यापायी घराघरातली पोरं मारू नका."

उत्तरादाखल दगड आले. तिची भुवई फाटली, दुकानाचा चक्काचूर झाला. आणि जग पेटले.

मला लष्करी इस्पितळात नेले. तिथे पोरांना माझ्यावर पट्ट्यांनी बांधून त्यांचे पाय करवतीने कापत. गुंगीचे औषध केव्हाच संपले होते. त्यांच्या नखांनी माझे कातडे फाटले. शत्रूची पोरेही आणली जात. त्यांची भाषा मला कळत नसे, पण ती कोणाला हाक मारत आहेत ते कळे.

तीच बाई तिथे जखमींच्या दाढ्या करू लागली होती. एके दिवशी माझ्यावर तिच्या भावाला बसवले. सैन्यात मिरवायला नेलेल्या या वीराच्या छातीत तोफगोळ्याचे तुकडे रुतले होते. श्वासाबरोबर रक्त येत होते.

"ताई," तो म्हणाला, "वस्तरा तुझ्या हातात आहे. सोडव मला."

तिने वस्तरा त्याच्या गळ्याशी नेला. तिचा हात थांबला. मी वाट पाहत राहिले.

"हनुवटी वर कर," ती म्हणाली. "हलू नकोस, लागेल."

तिने त्याची स्वच्छ दाढी केली, तोंड पुसले आणि सदऱ्याची बटणे लावली. तेवढ्यात तो गेला. ती पुढच्या जखमीकडे वळली.

आता माझ्यापाशी एक पाटी आहे. तिच्यावर मंत्री आहे, पिस्तूलवाला आहे. ती बाई नाही. मित्रांनो, माझे फाटलेले कातडे शिवू नका, ते तसेच राहू द्या. आणि माझ्यावर बसून फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला एवढेच विचारा, "लढू नका म्हणणारी कोणी होती का?"