बासानोचा लाकडी पूल

प्रोजेक्टरचा पंखा घरघरू लागला, की अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या घरात रविवारची दुपार वेळेआधीच मावळायची. बाहेर मेपलवर ऑक्टोबरचं तांबूस ऊन पेटलेलं, आणि आत पडदे ओढून, भिंतीवर पांढरी चादर लावून आमचे हे पाहुण्यांना इटलीला न्यायचे. श्रीखंडाच्या वाट्या लोकांच्या हातातच राहायच्या.

बासानो हे उत्तर इटलीतलं एवढंसं गाव. ऐंशीच्या उन्हाळ्यात कंपनीच्या कामासाठी हे तिथे तीन आठवडे राहिले. मीही जाणार होते. पण धाकटीला कांजिण्या आल्या, माझं तिकीट कॅन्सल केलं, आणि तो राग मी कधी सोडला नाही. स्लाइड-शो संपला की मी हमखास ऐकवायची, "मला कुठे नेलंत?"

ब्रेन्टा नदीवरचा छपराचा पूल दिसला, की यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा हळू व्हायचा. पूल महापुरात वाहून गेला, फौजांनी जाळला, महायुद्धात उद्ध्वस्त झाला. दर वेळी गावाने तो जुन्याच घडणीचा, लाकडाचाच पुन्हा बांधला. मग चौकातली भित्तिचित्रांची घरं, मागचा निळसर डोंगर. अगं बाई, किती वेळा तेच ते! धाकटी "बाबा, नॉट अगेन!" म्हणत वर पळायची. मला तर त्या गावाचा वीट आला होता.

यंदा यांना स्ट्रोक झाला. परवा यांनी हौसेने पुन्हा चादर लावली, पूल आला, आणि हे थांबले. "हा पूल... हा..." बोट हवेतच राहिलं. पाहुणे वाट्यांत बघू लागले. घाबरले की मी चिडते.

"अहो, महापुरात वाहून गेला ना!" मी खेकसले. मग थांबलेच नाही. जाळपोळ, युद्ध, चौक, डोंगर, सगळं ओळीने सांगत गेले, त्या गावात एकदाही पाऊल न ठेवता.

हे माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. "तुला बरं आठवतं गं सगळं. पुलावर वारा किती होता त्या दिवशी! सारखी पदर सावरत होतीस."

नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"सावरणार नाही तर काय!" मी म्हटलं. "तुम्हाला आपलं फोटोचं पडलेलं!"

काळाने यांच्या स्मरणातून ते गाव नेलं, आणि जिथे मी कधी नव्हतेच, तिथे जाताजाता मला उभं करून गेला.