पोटाखालचा उजेड

आमची फियाट सत्तर सालातली. आधी ती दौंडच्या एका डॉक्टरांकडे होती. डॉक्टर खेड्यापाड्यांत व्हिजिटला जायचे, रस्ते दगडाधोंड्यांचे, म्हणून त्यांनी गाडी उंच करून घेतली होती. मागच्या चाकांवरच्या पोलादी पाट्यांत दोन्ही बाजूंनी एकेक पाटा जादा आणि पुढच्या स्प्रिंगखाली पॅकिंग. चौऱ्याण्णव साली त्यांनी नवी गाडी घेतली आणि ही मला दिली. मी तेव्हा शिरूर डेपोत एसटीचा ड्रायव्हर होतो. गाडी जपून वापरील अशा माणसाला द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आमच्या गावी, निमोण्यात, गाडी आणली त्या दिवशी माझ्या बायकोनं, गिताबाईनं, हळदकुंकवाचं ताट बाजूला ठेवलं आणि आधी गाडीभोवती एक फेरा मारला. बाजारात जनावर बघतात तसा. मग लांब जाऊन उकिडवी बसली आणि मान वाकडी करून बघत राहिली.

"बाकी चांगली हाय," ती म्हणाली. "पन शेळीवानी उभी हाय."

"म्हंजी कशी?"

"पाय लांब. पोटाखालनं समदा उजेड दिसतोय. आपन एडका घिताना काय बघतो? उभा ऱ्हायला का पोटाखालनं लई उजेड दिसू नये. गाडी एडक्यावानी दिसाया पायजे."

आम्ही धनगर. माझ्या बापानं मेंढरं विकून विहीर पाडली आणि आम्ही शेतकरी झालो. तिच्या माहेरी मात्र आमच्या लग्नानंतरही कळप होता. लहानपणी ती मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेली. कोणाला कळपासाठी एडका घ्यायचा असला की तिला बाजारात घेऊन जायचे. ती लांब बसून बघायची आणि बोट दाखवायची. तिनं बोट दाखवलेला नर वाया गेला, असं माझ्या कानावर कधी आलं नाही. एकदा माहेरी कळप बांधावरून उतरत होता तेव्हा तिनं मला दाखवलं होतं, गाभण मेंढी बांध सरळ ओलांडत नाही. तिरकी चढते, तिरकी उतरते. पोट सांभाळते. मी इतकी वर्षं स्टेअरिंग धरलेलं, पण चालणाऱ्या गोष्टीकडे कसं बघावं हे मला तिनं शिकवलं.

गाडी खाली घ्यायचं मात्र मी पुढं ढकलत राहिलो, कारण आमचा रस्ता. पावसाळ्यात त्यात बैलगाडी बसायची.

"रस्ता डांबरी झाला का करू," मी म्हणायचो.

"व्हईल की. रस्ता काय माझ्यासारखा हट्टी न्हाई," ती म्हणायची.

दिवाळीला मी गाडी धुवायचो, ती लांब जाऊन उकिडवी बसायची आणि नकाराची मान हलवायची. हसायची सुद्धा.

दोन हजार दोन साली काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. पुढच्या वर्षी रस्त्यावर डांबर पडलं. रोलर फिरत होता तेव्हा मी कडेला उभा राहिलो. सगळं गाव खूश होतं. मला मात्र हे कोणाला जाऊन सांगावं ते कळेना.

त्यानंतर आमच्या मुलीचं, सोनमचं, लग्न ठरलं. मुलगा कासुर्डीचा, मल्हार. घर चांगलं, माणसं आपल्यातलीच. त्याचे वडील पोपटराव बोलायला तिखट, पण मनात काही ठेवणारे नव्हेत. लग्न आमच्या दारात आणि पाठवणी कासुर्डीला. सोनमनं एकच गोष्ट मागितली.

"आबा, मी आईच्या गाडीतनं जानार."

"जा की. मीच सोडतो."

"तशी न्हाई. आईला पायजे हुती तशी करून."

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि चौफुल्याला बन्सी मिस्त्रीकडे गेलो. बन्सीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, भट्टी, ऐरण आणि पाट्यांचे ढीग. उसाच्या ट्रॉल्या, टेम्पो, माणसं भरून खेपा मारणाऱ्या वडापच्या जीपा, सगळ्यांचे पाटे तिथंच भरले जातात. आमच्या भागात गाडी कधी रिकामी जात नाही, म्हणून ज्याला त्याला पाटा जादा हवा असतो.

बन्सीनं गाडीखाली डोकं घातलं. "किती वाढवू, मामा?"

"वाढवायचे न्हाईत. काढायचेत."

तो डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिला. "काढायचेत?"

"डॉक्टरांनी टाकलेला काढायचा. त्याच्या वरचा आनखी एक. ऱ्हायलेल्यांची कमान कमी करायची. पुढचं पॅकिंग काढून स्प्रिंगचा अर्धा येढा कापायचा. गॅसनं न्हाई, ग्राइंडरनं. गॅसनं स्प्रिंग मरती."

"ते ठाऊक हाय मला. पन कशापायी?"

"दिसाया."

शेजारी ट्रॅक्टरवाला भैरू चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "मामा, जमिनीलाच टेकवायची तर चाकंच काढा की. टायरचा खर्च वाचंल."

"तुझ्या ट्रॉलीला लाव ती. तिची कवाच गेल्यात," बन्सी म्हणाला, आणि कामाला लागला.

पाट्यांवर घण पडत होता आणि मी लांब उकिडवा बसलो होतो. बन्सी गाडी जॅकवरून उतरवायचा, हलवून बसवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, अजून. तो पुन्हा उचलायचा. तिसऱ्यांदा उतरवली तेव्हा मी म्हणालो, बास. मडगार्ड टायरवर नीट बसलं होतं. पुढची छाती किंचित खाली. टक्कर घ्यायच्या आधी एडका उभा राहतो, अगदी तशी. खालून उजेडाची पट्टी दिसत होती, बारीक.

भैरूनं कप खाली ठेवला. "आयला," तो म्हणाला. "न्हाई म्हनलं तरी रुबाब आलाय."

बन्सीनं विचारलं, "मानसं बसवून बघायची का येकदा?"

"नगं. उभी कशी दिसती तेच बघायचं हुतं."

मी तिची नजर घेऊन चौफुल्याला आलो होतो. ड्रायव्हरची नजर घरी ठेवून आलो होतो, हे मला पुढं कळलं.

घरी आल्यावर सोनम बाहेर आली. लांब गेली, उकिडवी बसली, बघितलं आणि मान होकाराची हलवली. मग पदरानं बॉनेट पुसलं. बॉनेट स्वच्छ होतं.

आठवड्याभरात पोपटराव लग्नाच्या तयारीचं बोलायला आले. ओट्यावर बसायच्या आधीच त्यांची नजर गाडीवर गेली.

"पाव्हणं, गाडी खचली का?"

"खचली न्हाई. बसवलीय."

"आन् हिच्यातनं नवरी येनार?"

"व्हय."

पोपटरावांनी गाडीखाली वाकून बघितलं. "आमच्या घराच्या वाटंला कालव्याचा पूल हाय, बघितलाय न्हवं? मधी उंटाच्या पाठीवानी उंच. तिथं हिचं पोट टेकनार. गाडी ना फुडं, ना मागं. आन् मी तिकडं दारात आरतीचं ताट घिऊन उभा. मी सुमो सांगितलीय. फुलं लावून."

सोनम दारातूनच म्हणाली, "मामा, मी आईच्या गाडीतनंच येनार."

"ये की पोरी, मी न्हाई कुठं म्हनतोय? पन पुलावर पोट टेकलं, तर तिथंच उतरायचं आन् सुमोत बसायचं. अडकल्याल्या गाडीतनं नवी नवरी दारात यायची न्हाई. आमच्यात ते चांगलं मानत न्हाईत."

"चालंल," सोनम म्हणाली. मला विचारलं सुद्धा नाही.

मी दुसऱ्याच दिवशी एकटा कासुर्डीला गेलो. कालव्याचा पूल बघितला, गाडी घातली. सरळ चढली, सरळ उतरली. कुठं लागली नाही. परत येताना पारगावच्या नदीवरच्या पुलावर मी मोठ्यानं शीळ घातली. खूप दिवसांनी.

लग्न झालं. दुपार कलली, पाठवणीची वेळ आली. गाडीला झेंडूच्या माळा होत्या. बाकी काही लावू दिलं नाही मी. गावातली पोरं लांब उभी राहून बघत होती, मोठी माणसं वाकून बघत होती. माझी छाती भरून आली होती, ती निम्मी पोरीसाठी आणि निम्मी गाडीसाठी. खोटं कशाला बोलू.

मागं सोनम आणि मल्हार. त्यांच्याशेजारी पाठराखीण म्हणून माझी बहीण सरूबाई, जी एसटीत दोन माणसांच्या जागेवर एकटी बसते. पुढं माझ्याशेजारी मल्हारची बहीण मोनिका. डिकीत सरूबाईनं रुखवताचा पितळी हंडा, कळशी आणि लाडवांचे डबे रचले होते. त्यांच्यावर एक दगडी वरवंटासुद्धा.

पारगावचा पूल आला. पहिल्याच सांध्यावर मागून चर्र असा आवाज आला. टायर मडगार्डला घासला होता.

मी गाडी रिकामी बघितली होती. कालव्याचा पूल सुद्धा रिकाम्या गाडीनं बघितला होता. जन्मभर एसटीत माणसं कोंबून नेलेला मी, आणि पोरीच्या पाठवणीला गाडी भरणार आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता पुलावर पोट टेकलं की सोनमनं आईच्या गाडीतून उतरायचं आणि सुमोत बसायचं, असं ती स्वतःच कबूल करून बसली होती.

कालव्याशी पोचलो तेव्हा सुमो पलीकडं गेली होती. हलगीवाले उभे होते. पोपटराव भरावावर बाजूला उभे राहिले होते, पूल आडवा दिसेल असे. सूर्य त्यांच्यासमोर, पुलाच्या पलीकडून खाली येत होता.

मी गाडी थांबवली. "समद्यांनी उतरा. सोनम सोडून."

मल्हार लगेच उतरला. मोनिकाही उतरली. सरूबाई हलली नाही.

"मी पाठराखीण हाय. नवरीला सोडून पायी जाऊ व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, बाई समजूतदार हाय."

"म्हंजी माझ्या वजनानं तुझी गाडी टेकती, आसंच ना? सरळ बोल की."

"सरू, गितीची गाडी हाय."

ती दार उघडून उतरली. मागं गेली, डिकी उघडली आणि हंडा काढून कमरेवर घेतला. कळशी मोनिकाच्या हातात दिली, डबे मल्हारच्या. "जावयानं काय नुसतं हात हलवत जायचं?" ती म्हणाली, आणि नवरदेव लाडवांचे डबे घेऊन पूल चालू लागला. हलगीवाल्यांना हसू आवरेना. वरवंटा राहिलाच होता. तो मी माझ्या पायाशी घेतला आणि पुन्हा बाहेर काढून कठड्यापाशी ठेवला.

गाडीत आम्ही दोघं राहिलो.

"आबा, टेकंल का?"

"तुझी आई आस्ती तर तिनं इचारलं आस्तं का?"

"न्हाई. उतरून लांब बसून बघितलं आस्तं."

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. सरळ घेतली नाही. पुलाच्या उजव्या कडेला गेलो आणि तिथून डावीकडं तिरकी घातली. पुढचं एक चाक चढलं, मग दुसरं. गाडी माथ्यावर आली. क्लच पायाखाली थरथरत होता. मागचं एक चाक चढलं. मग चौथं. गाडी एका अंगावर कलून, हळूच, पलीकडं उतरली. खालून कसलाही आवाज आला नाही. हलगी वाजायची थांबली होती, म्हणून आला असता तर ऐकू आला असता.

पोपटराव भरावावर उकिडवे बसले होते. कपाळावर हात आडवा धरून, मान वाकडी करून. तसेच बसून राहिले.

मी खिडकीतून विचारलं, "टेकली का?"

"न्हाई. बोटभर उजेड दिसला खालनं." ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गाडीपाशी आले. मडगार्डवरून हात फिरवला. "आमचा बाप एडका घिताना असाच बसून बघायचा. पाव्हणं, ही कुणाची नजर?"

"हिच्या आईची," मी म्हणालो.

त्यांनी सोनमकडे बघितलं आणि सुमोवाल्याला हात केला. "तू ने रं मोकळी. नवरी हिच्यातनंच येतीय."

सरूबाई हंड्यासकट पुन्हा गाडीत बसली. वरवंटा आणायला मल्हारला माघारी पाठवलं.

घरासमोर लोक जमले होते. गाडी दारात थांबली तेव्हा सगळी आत होती, पाठराखीण, करवली, नवरानवरी, भांडी. चाकांवर चेपून, जमिनीला बिलगून उभी होती. आरती झाली. एकेक जण उतरला. शेवटी सोनम उतरली, आणि गाडी मागून बोटभर वर आली. मी मडगार्डवर हात ठेवला होता म्हणून मला ते कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल.

निघताना पोपटराव गाडीपर्यंत आले. "मांडवपरतनीला न्यायला कोन येनार?"

"मीच. हीच गाडी."

"या. पन पुलावरनं पायी चालायला मानसं घिऊन या," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

परत फिरलो तेव्हा गाडीत मी एकटा होतो. कालव्यावर कोणी नव्हतं. रिकामी गाडी सरळ गेली असती, मला ठाऊक होतं. तरी मी ती उजव्या कडेला घेतली आणि तिरकीच घातली.