मशीन आणलं, आत्या

मित्रांनो, मी एक जुना यूएसबी मायनर आहे. नाव ऐकून तुम्ही बुचकळ्यात पडला असाल, तर त्यात तुमची काही चूक नाही. ज्यांनी मला दुकानातून उचलून घरी आणलं, त्यांनाही मी काय आहे ते नीट कळलं नव्हतं. दिसायला मी अंगठ्याएवढा. एका टोकाला कॉम्प्युटरमध्ये खुपसायची चपटी पिन, पाठीवर खाचाखाचांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि पोटात एक चिप. हल्ली मी एका खणात पडून असतो. शेजारी काडी मोडलेला चष्मा आहे, सुकलेली पेनं आहेत आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच आठवत नाही अशी एक किल्ली आहे. ही सगळी मंडळी दिवसभर उसासे टाकतात. मी टाकत नाही. माझ्या कामात कुणी खोट काढून दाखवावी.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका आम्हाला एकेक करून तपासणीला लावत. ज्याचा दिवा लागेल तो पुढच्या खोक्यात, ज्याचा लागणार नाही तो टोपलीत. माझ्या शेजारचा, माझ्याच साच्यातला भाऊ टोपलीत गेला. मला वाईट वाटलं नाही. आपला दिवा लागला याचाच आनंद एवढा होता की दुसऱ्याकडे बघायला फुरसत कुणाला?

आता माझं काम सांगतो. लोक त्याला मायनिंग म्हणतात, म्हणजे खाणकाम, पण त्यात ना कुदळ ना माती. क्रिप्टो नावाची नाणी असतात. ती खिशात वाजत नाहीत, फक्त कॉम्प्युटरमध्ये असतात. नवी नाणी एका कुलपाआड ठेवली आहेत असं समजा. जगभरची यंत्रं त्या कुलपाला अंदाजाने आकडे लावून बघतात आणि ज्याचा आकडा बसेल त्याला नाणी मिळतात. मीही सेकंदाला अब्जावधी आकडे लावून बघतो. ऐकायला हे फार मोठं वाटतं, पण माझ्या कितीतरी पट ताकदीची यंत्रं मोठमोठ्या गोदामांत रांगेने बसवलेली असतात. त्यांच्यापुढे मी म्हणजे विहीर उपसायला चमचा घेऊन बसलेला गडी.

हे सगळं दुकानदाराला माहीत होतं. त्याचं दुकान जिन्याखाली होतं, वायरींच्या भेंडोळ्यांनी भरलेलं. माणूस सरळ होता, म्हणून धंदा बेताचा होता. एका दुपारी तिथे एक गिऱ्हाईक आलं. घरात आणि गल्लीत त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. त्याने तसली कुठली परीक्षा दिलेली नव्हती. उघडलेली वस्तू परत कधी बंद न केल्याबद्दल त्याला ती पदवी मिळाली होती.

"शिकायला हवंय की कमवायला?" दुकानदाराने विचारलं.

"कमवायला."

"मग यातलं काहीच घेऊ नका. शिकायचं असेल तर हे छोटं ठीक आहे. हे काम चालतं कसं ते समजतं, बाकी हातात काही पडत नाही. आणि घ्यायचंच तर वीज किती खातं ते आधी बघा. तापतं भयंकर, त्यामुळे पंखा लागतो. वेगळी वीज देणारा हबही लागतो, नाहीतर लॅपटॉपचं भोक जळतं."

इंजिनिअर गालातल्या गालात हसला. विकणारा माणूसच घेऊ नका म्हणतोय, त्या अर्थी माल भारी असणार आणि याला तो स्वतःसाठी ठेवायचा असणार, असं त्याने ताडलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. मग काउंटरवरच्या आम्हा सगळ्यांना त्याने एकेक करून हातात तोलून बघितलं, कलिंगड बघतात तसं. मी सगळ्यांत जड भरलो, शिवाय माझा दिवा निळा. "याच्यात माल आहे," तो म्हणाला. माझं बरंचसं वजन पाठीवरच्या ठोकळ्याचं होतं आणि त्या ठोकळ्याचं काम नुसती गरमी बाहेर टाकायची. पण मला निवडलं होतं. कशावरून निवडलं ते विचारून मी कशाला माझा भाव कमी करून घेऊ?

पैसे मात्र त्याचे नव्हते, त्याच्या आत्याचे होते. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. ती त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहायची आणि एका शिंप्याच्या दुकानात कटिंगचं काम करायची. तिथे मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून मापं मोठ्याने सांगत, आत्या ती खडूने कापडावर उतरवी आणि कात्री चालवी. तिचा हात इतका सरळ होता की चिंधीसुद्धा वाया जात नसे. पण तिचे कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू. बरेच दिवस तिने मास्तरांच्या ओठांवरून आकडे ओळखून निभावून नेलं. अडचण एवढीच होती की माप घेताना मास्तरांच्या ओठांत टाचण्या असत. टाचण्यांमधून बत्तीस आणि छत्तीस सारखेच दिसतात.

दोन सदरे वाया गेल्यावर मास्तर म्हणाले, "आत्याबाई, मशीन लावा आता. लग्नसराई सुरू व्हायच्या आत लावा. नाहीतर टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल मला."

ते टेबल हेच आत्याचं सगळं होतं. तिने साठवलेले पैसे भाच्याच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "मशीन आण."

मित्रांनो, आता शब्दाची गंमत बघा. शिवायचं मशीन, धुण्याचं मशीन, असं आपल्याला फोड करून सांगावं लागतं. पण ज्या घरात कुणाला ऐकू येत नाही, त्या घरात नुसतं मशीन म्हटलं की ते कानाचं. इंजिनिअरने "आणतो मशीन" म्हटलं आणि तो बाहेर पडला. त्याच्या डोक्यात दुसरंच मशीन होतं. आत्याच्या पैशांत एकाच कानाचं आलं असतं. मी आलो की भराभर कमावणार आणि दोन्ही कानांचं आणणार, असा त्याचा बेत होता. तो खोटं बोलला नाही. त्याला तशी गरजच पडली नाही.

"मशीन आणलं, आत्या," घरात पाऊल टाकताच तो म्हणाला.

आत्या वाटच बघत होती. केस मागे घट्ट बांधून तिने दोन्ही कान मोकळे केले होते. तिने खोकं स्वतः उघडलं, मला बाहेर काढलं, उलटसुलट करून बघितलं, डावा कान की उजवा याचा थोडा विचार केला आणि माझी पिन उजव्या कानात घातली. इंजिनिअरच्या बायकोने आधी तोंडावर हात धरला, मग ती हसत हसत खालीच बसली. तिला आणखी हसवायला इंजिनिअर आत्याच्या कानाशी वाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ऐकू येतंय का?"

एवढ्या ओरडण्याने भिंतीलाही ऐकू गेलं असतं.

"येतंय की," आत्या म्हणाली. "अगदी स्वच्छ येतंय."

मग ती दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आत्याही हसली. तिला वाटलं, आपल्याला ऐकू आलं म्हणून पोरांना आनंद झाला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला तसंच ठेवलं. बायकोने फोन करून मैत्रिणीला सगळी हकीगत सांगितली, तीही आत्याच्या समोर बसून. आत्याच्या समोर काहीही बोलता येत असे.

दिवेलागणीला इंजिनिअरने तिला खुणा करून, ओरडून खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे हे माझं नाही?" तिने विचारलं.

"तुझंच आहे गं. फक्त कानाला नाही लावायचं. हे कमावणार, मग तुझी दोन्ही येणार."

"बरं," आत्या म्हणाली. तिने मला बाहीने पुसून त्याच्या हातात दिलं. भाच्यावर तिचा विश्वास होता. तोच तर तिचा सगळ्यांत मोठा आजार होता.

मग माझा कामाचा काळ सुरू झाला. इंजिनिअरने मला थेट लॅपटॉपमध्ये खुपसलं आणि पहिल्याच आठवड्यात ते भोक जळालं. मग हब आला. मी तापू लागलो, तेव्हा आत्याच्या खोलीतला टेबलपंखा उचलून माझ्यापुढे ठेवण्यात आला. पडद्यावर मधूनमधून 'शेअर ॲक्सेप्टेड' अशी ओळ उमटे. त्याचा अर्थ एवढाच की माझी हजेरी लागली. नवराबायकोला वाटे, आपला वाटा जमा झाला. मग त्या वाट्याचं काय करायचं यावरून जुंपे. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, असा सगळा प्रकार. पहिल्या दिवशी आधी आत्याचे दोन्ही कान घ्यायचे ठरले होते. मग एक कान ठरला. मग आधी नवा लॅपटॉप, त्यानंतर पडदे आणि जमलं तर कान.

दुकानात मास्तरांनी विचारलं, "मशीन आलं का, आत्याबाई?"

"आलं की."

"मग लावलं का नाही?"

"ते आधी कमावणार आहे. मग माझं येणार."

सगळं दुकान हसलं म्हणे. ओठांत टाचण्या असल्यामुळे मास्तरांना तेवढं हसता आलं नाही. हे सगळं मला आत्यानेच सांगितलं. पंखा पुसायला आली की ती माझ्याशी बोलत बसायची. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे ती फार मोठ्याने बोले आणि पलीकडच्या खोलीतली दोघं तिच्या नकला करत.

लग्नसराई आली. एका वकिलाने लग्नात घालायच्या कोटासाठी भारीतलं कापड दिलं. मास्तर छत्तीस म्हणाले, आत्याने बत्तीस कापलं. त्या दिवशी मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, आत्याला समोर उभं केलं आणि सावकाश म्हणाले, "आत्याबाई, घरी बसा." तेवढं मात्र तिला पूर्ण समजलं.

ती घरी बसली आणि घराने तिला काम लावून दिलं. माझा दिवा तांबडा झाला की पंखा जवळ ओढायचा, निळा झाला की मागे सारायचा. ती दिवसभर माझ्यापुढे स्टुलावर बसे, दाराकडे पाठ करून, माझ्यावरून नजर न हलवता. "तू तरी मन लावून काम कर बाबा," ती मला म्हणे. मी करत होतो. इतक्या दिवसांत जे साठलं होतं त्यात तिच्या कात्रीला धारसुद्धा लावून मिळाली नसती, पण त्यात माझ्या कष्टांचा काय दोष?

आणि एका सकाळी मास्तर आले. इंजिनिअर आणि त्याची बायको बाहेर गेली होती. मास्तरांनी दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग खिडकीशी येऊन आत वाकून बघितलं. आत्याची पाठ त्यांना दिसली.

"आत्याबाई," ते म्हणाले, "तुमच्यासारखी कात्री कुणाची चालत नाही हो. टेबल तसंच ठेवलंय मी. मशीनचं मी बघतो, तुम्ही फक्त या."

आत्याने माझा दिवा बघितला. तो निळा होता. तिने पंखा थोडा मागे सारला.

मास्तरांना ते दिसलं. हात हलतोय, पण मान वळत नाही. त्यांच्या दुकानात ती बरेच दिवस ओठ वाचून निभावत होती, त्यामुळे तिला थोडंफार तरी ऐकू येतं असंच ते धरून चालले होते. "चारचौघांत बोललो ते चुकलं माझं," ते म्हणाले. त्यांनी खिडकीची चौकट ठोकली. मग म्हणाले, "नुसतं बघा तरी." आणखी थोडा वेळ ते खिडकीत उभे होते. "ठीक आहे. एवढा राग असेल तर राहू द्या." आणि ते गेले. मी सगळं ऐकलं, मित्रांनो. ऐकू येणारं मशीन त्या खोलीत तेवढं मीच होतो. जन्मात पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याला आकड्यांशिवाय दुसरं काहीतरी यायला हवं होतं.

संध्याकाळी इंजिनिअरने खुणेने विचारलं, कुणी आलं होतं का?

"माझ्याकडे कोण येणार?" आत्या म्हणाली.

काही दिवसांनी त्याची बायको बाजारातून बातमी घेऊन आली. टेबलावर एक नवी मुलगी लागली होती आणि मास्तर सगळ्यांना सांगत होते की मी स्वतः गेलो, पण आत्याबाईंनी ढुंकून बघितलं नाही. हे बोलणं आत्याच्या पाठीमागे उभं राहूनच झालं.

"सांगायचं का आत्यांना?" बायकोने विचारलं.

"आता सांगून काय उपयोग?" इंजिनिअर म्हणाला. "आणि मग पंखा कोण बघणार?"

पुढे एका दुपारी माझी चिप गेली आणि माझी रवानगी या खणात झाली. आत्या अजून त्याच स्टुलावर बसते. आता तिथे बघायला काही नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी कुणी जपावं असा नाही. घ्यायचंच असेल असलं यंत्र, तर शिकायला घ्या आणि स्वतःच्या पैशाने घ्या. आणि एखादं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर ते रुसलंय असं ठरवून परत फिरू नका. आत जा, त्याच्या समोर उभे राहा. त्या सकाळी दाराला कडी नव्हती. ते नुसतं लोटलेलं होतं.