मऊ चादरीचे चार चौकोन

"हात सैल सोड गं, इतकी ओढून विणू नकोस. कुणाचं तरी अंग टेकणार आहे यावर."

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. मागावर बसलेली एक म्हातारी विणकरीण आपल्या नव्या सुनेला समजावत होती. तेव्हा मी धड चादरही झाले नव्हते. चार बोटंच विणून झाली होती, बाकी नुसते ताणलेले धागे. धोटा इकडून तिकडे पळायचा, खटक्-खटक् आवाज यायचा आणि त्या तालावर म्हातारी गुणगुणायची:

धागा धाग्याला सांगतो, सरक जरा पलीकडे
निजायचं आहे कुणा, तुझ्यामाझ्या अलीकडे

ते 'कुणी' कोण असेल, याचा विचार करतच मी विणून पूर्ण झाले. आता मी जुनी झाले आहे. रंग उडाला आहे, आणि खरं सांगायचं तर मी सबंधही उरलेले नाही. माझी एक बाजू आखूड आहे. ती कशी झाली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

दुकानाच्या फळीवरून मला उचललं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिने माझं टोक दोन बोटांत चुरून पाहिलं, मग गालाला लावलं. तिला दिवस गेले होते. दुकानदार किंमत सांगत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "हीच द्या," एवढंच ती म्हणाली.

त्या घरात मुलगी जन्मली. पाय झाडणंही थांबवायची नाही आणि हातही एका जागी ठेवायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मी तिचं अंथरूण झाले, पांघरूण झाले, टेबलावरून सोडलेला तंबू झाले. झोप आली की ती माझं टोक नाकावर घासत राहायची. घरी आलेली प्रत्येक बाई मला हात लावून म्हणायची, "अगंबाई, लोणी आहे नुसतं!" मित्रांनो, सुती कापडाचं एक बरं असतं. माणसाची कातडी वयाने राठ होते, आम्ही मात्र धुतल्यागणिक मऊ होत जातो.

धुण्याचं खातं होतं मुंगीच्या आबांकडे. आबा म्हणजे तिच्या वडिलांचे वडील. ते उभी हयात बँडमध्ये कर्णा वाजवून निवृत्त झाले होते. मुंगीचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आई दिवसभर शिवणाच्या दुकानात असायची, म्हणून कपडे धुणं आबांनी आपणहून अंगावर घेतलं. घरात मशीन आणायची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "मशीन कपडे बुडवतं, धूत नाही." झालं. पुन्हा कुणी मशीनचं नाव काढलं नाही.

आबांचं धुणं बघण्यासारखं असायचं. मोठ्या टबात पाणी, त्यात निळ्या दाण्यांची पावडर आणि तिला फुलांच्या दुकानासारखा वास. पावडर ते मापाने घालत नसत, मुठीने घालत. एक मूठ झाली की टबाकडे बघायचे, मान हलवायचे आणि आणखी अर्धी मूठ सोडायचे. फेस कोपरापर्यंत चढला की त्यांचा चेहरा उजळायचा. मग एकाच पाण्यातून मला काढायचे, पिळायचे आणि दोरीवर झटकून टाकायचे. सगळ्या जिन्यात माझा वास दरवळायचा. खालच्या मजल्यावरची बाई मान वर करून विचारायची, "आबा, आज चादर धुतली वाटतं?" आबा मिशीत हसायचे. मलाही तेव्हा फार मिरवल्यासारखं वाटायचं.

मुंगी शाळेत जायला लागली आणि त्याच सुमारास तिच्या अंगावर लाली दिसू लागली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, मग मानेवर, मग गुडघ्यांच्या मागे. ती खाजवायची, कातडी सोलायची, त्यावर पाणी पडलं की ओरडायची. कुणी सांगितलं उष्णता आहे, कुणी सांगितलं पोटात जंत आहेत. आबा म्हणाले, "नाजूक आहे पोरगी. तुम्ही सारखं बघता म्हणून ती सारखं खाजवते. लक्ष देऊ नका."

लक्ष न देऊन ते गेलं नाही. वर्गात बाकावरची मैत्रीण तिच्यापासून सरकून बसू लागली. "तुझं मला होईल," म्हणाली. मुंगी उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घालू लागली, आणि बाह्यांच्या आत आणखी घाम, आणखी खाज. मग एके दिवशी तिने दप्तर खाली ठेवलं. "मी शाळेत जाणार नाही. बरी झाले की जाईन. नाही झाले तर नाही."

आईने तिला जवळ घेतलं, थोपटलं आणि पलंगावर निजवून माझं पांघरूण केलं. मुंगीने मला पायाने ढकलून दिलं.

"ही नको. ही चावते."

मित्रांनो, मला दात नाहीत. माझ्या अंगात सुताशिवाय काही नाही, असंच मला तोवर वाटत होतं. पण ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मानेवर मी जिथे टेकले होते, तिथे लाल पट्टा उठला होता. आईने मला घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवलं. कपाटाच्या तळाशी जुने स्वेटर असतात, एकटे मोजे असतात आणि टाकवत नाहीत अशा वस्तू असतात. मी त्यांच्यात जाऊन पडले. अंधारातही मला फुलांचा वास येत होता, आणि पहिल्यांदाच तो मला नकोसा झाला.

नंतर घरात जे घडलं ते मी कपाटाच्या फटीतून ऐकलं. आई मुंगीला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. सोबत आबाही गेले होते. घरी आल्यावर आई दुकानातल्या मैत्रिणीला फोनवर सगळं सांगत होती.

"अगं, त्यांनी आधी मुंगीला बघितलंच नाही. नाक वर करून विचारलं, हा वास कुणाचा येतोय? आबांच्या शर्टाचा! मग म्हणाल्या, घरात कपडे कोण धुतं? आबा छाती काढून म्हणाले, मी. तर त्या म्हणतात, छान, मग औषध तुमच्याच हातात आहे."

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं. पण दिवसभर तेच कपडे अंगाला लागत असतील तर एकटं बिचारं मलम काय करणार, असंही त्या म्हणाल्या होत्या. हे दुखणं एकाचं दुसऱ्याला होत नाही, हे त्यांनी शाळेसाठी कागदावर लिहून दिलं. धुण्यासाठी वास नसलेलं, रंग नसलेलं काहीतरी बघा. थोडंच घाला. कपडे दोन-तीन पाण्यांतून काढा. आणि कुठलं सोसतं ते आधी जुन्या सुती कापडाच्या तुकड्यांवर धुऊन पाहा. एकेक तुकडा हातावर सैलसर बांधा. एकाचं उत्तर मिळालं की मगच दुसरा.

जुनं सुती कापड! कपाटाचं दार उघडलं आणि उजेडाबरोबर आईच्या हातातली कात्री आत आली.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. पण आईने कापायच्या आधी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्याइतकं मऊ घरात दुसरं काही नाही गं बाई." मग माझ्या एका कडेचे चार चौकोन कापले. कडा दुमडून शिवल्या. ओळख पटावी म्हणून कोपऱ्यात एकेक टाका घातला, लाल, निळा, पिवळा आणि पांढरा.

लाल टाक्याला आबांची जुनी पावडर. निळ्याला हसऱ्या बाळाचं चित्र असलेली महागडी बाटली. पिवळ्याला हिरवीगार पानं छापलेला डबा. पांढऱ्यासाठी तिला चार दुकानं फिरावी लागली. शेवटच्या दुकानदाराने सगळ्यात खालच्या फळीवरून एक फिकट बाटली काढली. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, याला वासच नाही. मग धुतलंय हे घरच्यांना कळणार कसं?" घरी येऊन आईने हे सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "बरोबर बोलला तो माणूस!"

आईला दुकानात जायचं होतं. चौकोन धुवायचं काम आबांवर सोपवलं. चार वाट्या, चार चौकोन. आता मी चार ठिकाणी होते, म्हणून मला सगळं दिसलं. आबांनी आईने सांगितल्याप्रमाणे प्रत्येकात थोडं थोडं घातलं. वाट्या ढवळल्या. पांढऱ्या टाक्याच्या वाटीत फेस आलाच नाही, जेमतेम दोन बुडबुडे. आबा वाकून बघत राहिले. पोरीच्या हाताला बांधायचं कापड, आणि ते मळकं राहणार! त्यांच्याने राहवेना. इकडेतिकडे बघून त्यांनी जुन्या पावडरीची चिमूट त्या वाटीत सोडली. मग बाकीच्यांवर अन्याय नको म्हणून सगळ्यांत एकेक चिमूट.

व्हायचं तेच झालं. एकेक चौकोन मुंगीच्या हातावर आला आणि एकेकाने लाली उठवली. पांढरासुद्धा. मुंगीने तो सोडून भिरकावला.

"मग साबणाचा दोषच नाही म्हणायचं," आई मटकन खाली बसली. "आता कुठे जायचं, आबा?"

"मी म्हणत नव्हतो?" आबा बोलले खरे, पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. ते नातीच्या हाताकडे बघत होते.

आई तो पांढऱ्या टाक्याचा चौकोन बोटांत चुरत बसली होती. सवयीने तिने तो गालाला लावला आणि एकदम थांबली. पुन्हा वास घेतला.

"आबा, बिनवासाच्या बाटलीत धुतलेल्या कापडाला फुलांचा वास कसा येतोय?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले.

"आबा."

"चिमूटभरच टाकली."

"आबा!"

"अगं, फेसच येईना त्याला! फेस नाही तर मळ निघेल कसा? पोरीच्या अंगाला लावायचं, मला वाटलं स्वच्छ असावं."

आईला रागवायचं होतं. पण तिने आबांचे पाण्यात राहून सुरकुतलेले हात पाहिले आणि राग ओठांवरून मागे गेला. ती उठली, एक वाटी नळाखाली धरली. "हे घ्या. नुसतं पाणी. यात काही म्हणजे काही घालू नका. आता हा चौकोन चोळा."

आबांनी चोळला. आणि मित्रांनो, नुसत्या पाण्यात पांढरा फेस वर आला. वाटीच्या काठापर्यंत.

मुंगी पुढे वाकली. "आबा, तुम्ही यात काही टाकलंत?"

"नाही गं. तुझ्यासमोर तर..."

"मग फेस कुठून आला?"

कुठून येणार? माझ्यातूनच. आत्ताच्या चिमटीचा थोडा, आणि कितीतरी धुण्यांचा साठलेला, जो एका पाण्याने कधी निघालाच नव्हता. दोरीवर वास दरवळत होता तो हाच. मी मऊ होते, पण माझ्या धाग्याधाग्यात पावडर दडून बसली होती, आणि मुंगीला घाम आला की ती तिच्या अंगाला लागत होती.

आबांनी पाणी बदललं, चोळलं. पुन्हा फेस. पुन्हा बदललं. टबाशी बसून ते मला पाण्यावर पाणी दाखवत राहिले, चौकोनही आणि उरलेली सबंध चादरही. अखेर एक पाणी आलं, ज्यात आबांच्या हाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. बुडबुडा एकही नाही. "आता निघालं," ते म्हणाले, आणि त्यांनी असा श्वास सोडला, जणू त्यांच्याच छातीवरून काहीतरी उतरलं होतं.

पुन्हा परीक्षा झाली, या वेळी विनाचिमटीची. लालने लाली उठवली. पानांच्या चित्राच्या पिवळ्यानेही उठवली. बाळाचं चित्र असलेल्या निळ्यानेसुद्धा! त्या बाटलीतल्या वासाला चित्रातल्या बाळाची काही कल्पना नसावी. मग पांढरा चौकोन हातावर आला. आई दर थोड्या वेळाने विचारायची, "खाजतंय का?" मुंगी म्हणायची, "नाही अजून." पुढे आईने विचारणं सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी मुंगी दारातून पळत आली ती हातावर चौकोन तसाच ठेवून.

"अगं, तो अजून बांधलेलाच?" आई म्हणाली.

"अय्या," मुंगी म्हणाली, "मी विसरलेच."

मित्रांनो, जन्मापासून माझी पुष्कळ स्तुती झाली आहे, पण 'मी विसरलेच' याहून गोड शब्द मी ऐकलेले नाहीत. अंगावरच्या कापडाने हेच तर करायचं असतं, आपण आहोत हे अंगाला विसरायला लावायचं.

त्यानंतर घरातला कपडा न् कपडा आबांनी नुसत्या पाण्यातून काढला आणि त्या फिकट बाटलीतल्या साबणाने धुतला; फक्त स्वतःचे कपडे जुन्या पावडरीतच धुणार, असं म्हणाले. हळूहळू मुंगीची मान बरी झाली, कोपरं बरी झाली. डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन ती शाळेत गेली. पहिल्या दिवशी मैत्रीण सरकूनच बसली, दुसऱ्या दिवशी जरा कमी सरकली, आणि मग दोघी मिळून बाकावर काहीतरी कोरताना पकडल्या गेल्या. आईला शाळेतून बोलावणं आलं. तक्रार ऐकताना ती हसत होती म्हणे.

मी पुन्हा पलंगावर आले, एका बाजूने आखूड. मुंगीची पावलं उघडी राहतात, पण तिची तक्रार नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कपडे धुताना हात थोडा आखडता घ्या आणि पाणी एक जास्त दाखवा. बाटली घेताना वरचं चित्र बघून भुलू नका. फेसावर आणि वासावर स्वच्छता ठरवू नका. आणि कुणी 'खाजतं' म्हणालं, तर त्याला नाजूक म्हणून मोकळे होऊ नका.

परवाचीच गोष्ट. मी दोरीवर वाळत होते. शेजारी आबा आपले बनियन टाकत होते, आणि आईच्या लक्षात आलं की त्या बनियनांनाही वास नाही.

"आबा, तुमचे कपडे तर तुम्ही जुन्या पावडरीतच धुणार होतात ना?"

"संपली ती."

"अर्धी पिशवी होती की परवापर्यंत."

आबांनी बनियनला चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. मग आईकडे न बघताच ते म्हणाले, "सुनबाई, मलाही व्हायचं हे. मान, काखा, पाठ, सगळीकडे. बँडमध्ये गळाबंद कोट घालून उभं राहायचं, मान पेटल्यासारखी व्हायची, आणि हलायची सोय नाही. तुझ्या सासूलासुद्धा कधी बोललो नाही."

"का हो, आबा?"

"काय सांगू? मला वाटायचं, सगळ्यांनाच होत असेल, आणि सगळे मुकाट्याने सोसत असतील."