मागे पांढरं कापड

पाय बरा झाला, पण जिन्यावरून पडल्याची धास्ती काही बायकोच्या मनातून जाईना. "आता हालचाल केली नाहीत तर पाय कायमचा आखडेल," असं डॉक्टरांनी बजावलं, तरी ती खिडकीजवळच्या खुर्चीला चिकटून बसली. खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची कोरी भिंत. एरवी वसंतात रोज सकाळी गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी थांबून फुलांची विचारपूस करणारी बाई! तिचं हे गप्प बसणं नवऱ्याला बघवेना.

शेवटी त्याने कॅमेरा बाहेर काढला. साऱ्या हयातीत त्याने फोटो काढले ते पासपोर्टचे. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, मागे पांढरं कापड. हाडीमाशी खिळलेली सवय, ती जाते थोडीच! एका हाताने फुलामागे कापड धरून तो दुसऱ्या हाताने बटण दाबत सकाळभर गल्ली पालथी घालत होता. येणारे-जाणारे हसले. हसोत बापडे.

घरी येऊन मोठ्या ऐटीत त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला.

"हा गुलाब कुणाकडचा?" तिने विचारलं.

"गुलाब तो गुलाब. कुणाकडचा का असेना."

"अहो, शिंपीणबाईंच्या दारातला की मास्तरांकडचा? आणि ही बोगनवेल यंदा कुंपणाबाहेर आली का? मागचं काही दिसेल तर शपथ! सगळी फुलं कशी परदेशी निघाल्यासारखी ताठ उभी."

त्याचा चेहरा पडला. "खरंच आठवत नाही गं."

"तुमच्या भरवशावर राहिले तर झालंच! माझ्या चपला कुठायत?"

त्याने चपला आणल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्याने त्याचा दंड धरून ती उतरू लागली. मध्येच तिने कठडा घट्ट आवळला. ती थांबली, पांढरीफटक पडली.

"परत जाऊ या?"

"गुलाब कुणाचा ते कळल्याशिवाय नाही."

शिंपीणबाईंच्या फाटकाशी तिने फूल ओंजळीत धरलं. "यांचाच! मी म्हटलं नव्हतं?"

तिचा फोटो काढावा म्हणून तो सरसावला, आणि सवयीने खांद्यावरचं कापड तिच्यामागच्या फाटकावर टाकायला गेला.

"काढा ते. मागे गल्ली दिसू दे," ती म्हणाली. "मी खाली आले होते, हे कळायला नको?"

त्याने कापड ओढलं, त्यालाच डोळे पुसले, आणि कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "हास की जरा."