दुभाष्याचा ‘मी’

“संध्याकाळपर्यंत ते शुद्धीवर येतील, अशी अपेक्षा आहे. बघू या,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले आणि दुभाष्यासाठी थांबले.

असली वाक्यं त्याला नवी नव्हती. ‘आशा करू या’, ‘सगळं सुरळीत झालं तर’, ‘तसं होईलसं वाटत नाही’. रुग्णालयातल्या प्रत्येक इंग्रजी अपेक्षेला त्याच्यापाशी स्वीडिश जोड तयार असे. नियमही अंगवळणी पडलेले. बोलणाऱ्याचा ‘मी’ तोच आपला ‘मी’. पदरचं घालायचं नाही, ऐकलेलं गाळायचं नाही. स्वतःचं काही सांगायची वेळ आलीच, तर ‘दुभाषा विचारतो आहे’ असं तिऱ्हाइतासारखं म्हणायचं. त्याच्यासारख्या मुखदुर्बळाला हे काम मानवलं होतं.

पण खाटेवरच्या स्वीडिश रुग्णाची म्हातारी बायको श्वास रोखून दुभाष्याच्या ओठांकडे पाहत होती.

“संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील,” तो स्वीडिशमध्ये म्हणाला.

‘अपेक्षा’ गळली. ‘बघू या’ही गळलं. डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते.

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की शब्द मागे घ्यायचं बळच त्याच्यात उरलं नाही.

“मग घरी जाऊन येते. चष्मा राहिलाय त्यांचा. त्याच्याशिवाय मी दिसत नाही त्यांना. भांडण झालं की मुद्दाम काढून ठेवतात!”

ती हसत निघालीसुद्धा. ‘जाऊ नका’ म्हणायचं राहूनच गेलं. लिफ्टचं दार मिटलं.

तो बाहेरच्या बाकावर टेकतो न टेकतो तोच आईचा फोन आला.

“त्या सांगून आलेल्या मुलीला कळवलंस का, हो की नाही?”

“कळवतो.”

“कधी? तिची नातवंडं झाल्यावर? जगाचं बोलणं इकडून तिकडे पोचवतोस, स्वतःचं म्हणून कधी तोंड उघडतोस का रे?”

“आई, ठेवतो.”

आतून नर्स लगबगीने बाहेर आली. “अहो दुभाषी, बाई कुठायत?”

“घरी गेल्यात. चष्मा आणायला.”

“आत्ता? अहो, यांचा रक्तदाब उतरत चाललाय. फोन लावा त्यांना!”

त्याने फोन लावला. आत, खाटेशेजारच्या खुर्चीवर, म्हातारीच्या स्वेटरखाली घंटी वाजू लागली.

मग तो लिफ्टसमोर जाऊन उभा राहिला. दार उघडे, अनोळखी माणसं बाहेर पडत, दार मिटे. प्रत्येक वेळी त्याला भीती वाटे. ती आली असेल म्हणून, आणि ती आली नाही म्हणूनही.

अखेर ती आली. एका हातात चष्म्याचं घर, दुसऱ्या हातात हँगरला लावलेला पांढरा शर्ट.

‘दुभाषा सांगू इच्छितो’ हे शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले. त्याने ते गिळले.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “शुद्धीवर येतीलच, असं डॉक्टर म्हणालेच नव्हते. अपेक्षा आहे म्हणाले होते. बघू या म्हणाले होते. ते मी गाळलं. आता त्यांची तब्येत बिघडलीय. चला लवकर.”

तिने हातातल्या शर्टाकडे पाहिलं.

“इस्त्री करत बसले होते रे मी,” ती म्हणाली. “कॉलर नीट होईना, म्हणून पुन्हा केली.”

त्याने शर्ट घ्यायला हात पुढे केला.

“चल आत,” ती म्हणाली. “आता डॉक्टर म्हणतील तेवढंच सांग.”

डॉक्टर खाटेपाशीच उभे होते. “आता फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही. त्यांना कदाचित ऐकू येत असेल. बोला त्यांच्याशी.”

त्याने ते जसंच्या तसं सांगितलं. ‘फारशी’ गाळलं नाही, ‘कदाचित’ही गाळलं नाही.

म्हातारीने शर्ट खाटेच्या कठड्याला अडकवला. चष्म्याच्या काचा खुर्चीवरच्या स्वेटरच्या टोकाने पुसल्या आणि तो नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर चढवला. काड्या एकेका कानामागे नीट बसवल्या. मग ती त्याच्या कानाशी वाकून हळू आवाजात बोलू लागली.

डॉक्टरांनी सवयीने दुभाष्याकडे पाहिलं. तो एक पाऊल मागे सरकला आणि गप्प उभा राहिला.