काचेमागची चित्रं

सोमवारी सकाळी तिने कपाट उघडलं, तर खालचा खण रिकामा. सव्वीसच्या सव्वीस चित्रं गायब.

पुनर्वसन केंद्रात ती गाण्यांतून उपचार करायची, म्हणून सगळे तिला गाणंताई म्हणायचे. चित्रं तिनेच केली होती, दोन वर्षं खपून. पुठ्ठ्यावर मखमलीची होडी, लोकरीची मेंढी, सँडपेपरचा रस्ता, बटणांचा पाऊस. ज्यांची वाचा गेली होती ते पेशंट चित्रं चाचपून एक उचलायचे, आणि ताई त्या चित्राचं गाणं धरायची.

"स्वागतकक्षात बघा," सफाईच्या मावशी हळूच म्हणाल्या. "शनिवारी मॅनेजरसाहेबांनी माणूस बोलावून भिंतीवर लावून घेतलीत."

खरंच. भली मोठी फ्रेम, वर काच, खाली पट्टी : 'आमच्या केंद्राची कलादृष्टी'.

"आज पाहुणे येणारेत," मॅनेजर म्हणाले. "तुमचाच सन्मान आहे हा!"

"सन्मान नको, चित्रं द्या. ती हात लावण्यासाठी आहेत."

"अहो, छापील संच मागवलाय ना तुम्हाला. कसा चकचकीत आहे बघा. आता उगाच राईचा पर्वत करू नका."

अकरा वाजता शिंपीकाका आले. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला, तोंडून शब्द फुटत नसे. पण होडीचं गाणं लागलं की गाता गाता शब्द सापडायचे. चाकाची खुर्ची काकू ढकलत होत्या. ताईने छापील चित्रं मांडली. काकांनी एकावर बोटं फिरवली, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. सगळी सारखीच गुळगुळीत. जन्मभर कापड बोटांनी ओळखलेला माणूस! त्यांनी डाव्या हाताने सगळा संच जमिनीवर लोटून दिला.

"ताई, काय हो हे?" काकूंचा आवाज चढला. "आत्ता कुठे तोंड उघडायला लागले होते!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती इलेक्ट्रिशियनकडून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. "चला काका. आपली चित्रं आणू."

काकूंनी फ्रेम खालून धरली, ताईने स्क्रू काढले, काच उतरवली. होडी ओढली, तर निम्मा पुठ्ठा मखमलीसकट पाठीमागच्या फळीलाच राहिला. प्रत्येक चित्र पक्क्या गोंदाने चिकटवलं होतं! फाटकी होडी तिने काकांच्या मांडीवर ठेवली आणि दात-ओठ खात पुढचं चित्र सोडवू लागली.

तेवढ्यात मॅनेजर पाहुण्यांना घेऊन आत आले.

"हे काय चाललंय? कुणाला विचारून?"

काकांनी होडीवरून बोट फिरवलं. चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले. "चो... चो... चोर!"

एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "काय म्हणाले हे?"

"चोर म्हणाले," काकू म्हणाल्या. "तीन महिन्यांत गाण्याशिवाय निघालेला पहिला शब्द आहे. नीट ऐकून घ्या."

मॅनेजरांनी पाहुण्यांना घाईघाईने चहाकडे वळवलं.

दहा चित्रं वाचली, सोळा गेली. दुसऱ्या दिवशी ताईला नोटीस आली : केंद्राच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. तिने लिहिलं, 'नुकसान गोंदाने झालं. तो कुणी लावायला सांगितला, ते त्यांना विचारा.' उत्तर आलं नाही. माफी तर नाहीच.

गुरुवारी काकूंनी काकांच्या दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं टेबलावर सोडलं. काका एकेक तुकडा चिमटीत धरून पारखू लागले. नको तो बाजूला फेकत होते. ताई पुठ्ठा कापायला बसली. राग अजून उतरला नव्हता. "सन्मान म्हणे!" ती पुटपुटली, आणि कटर पुठ्ठ्यातून थेट टेबलात रुतला.

काकांनी तिचं मनगट धरलं, तिरकी गेलेली रेघ बोटाने दाखवली आणि भुवया चढवल्या.

ताईने दुसरा पुठ्ठा घेतला.